आता खाली बसा

६ एप्रिल

वकिलांसाठी छापतात ती डायरी आहे ही. रोजचं एक पान, कोपऱ्यात सुट्ट्यांची यादी, खाली 'पुढील तारीख' म्हणून तीन रेघा. चौतीस वर्षं मी अशा डायरीत केसचे नंबर आणि तारखा यापलीकडे अक्षर लिहिलेलं नाही. आता मुलीचं फोनवर टुमणं चालू आहे. "बाबा, रोज दोन ओळी लिही. कुणी वाचणार नाही." मी म्हटलं, कुणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, पुरावा म्हणून तरी उपयोग व्हायला हवा. ती हसली नाही.

१६ जानेवारीपासून कालपर्यंत ऐंशी पानं कोरी आहेत. मोजली. मोजणं ही धंद्याची खोड.

१६ जानेवारीला बायको गेली. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही.

तिच्याबद्दल इथे लिहिणार नाही. केसबद्दल लिहीन. केस वीस तारखेला उभी राहते आहे.

७ एप्रिल

केस अशी. आमचे अशील म्हणजे गोंद तयार करणारी मोठी कंपनी. बुटाचा तळ चिकटवायचा, पाण्यात न सुटणारा गोंद. समोर एक बाई. कंपनीच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होत्या. नोकरी सोडली आणि गावाबाहेर चार माणसांचा छोटा कारखाना काढला. त्यांचा गोंद आमच्या गोंदापेक्षा चांगला चिकटतो, हे खरं भांडण. कोर्टाच्या भाषेत: ही कृती त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत, आमच्या पगारावर शोधली आणि लपवून नेली. आम्ही जिंकलो तर त्यांचा कारखाना बंद.

पुरावा म्हणजे बाईंची प्रयोगाची वही. अशा वहीची पानं छापील आकड्यांची असतात. पान सोडायचं नाही, फाडायचं नाही, रिकामं राहिलं तर तिरकी रेघ मारून सही करायची. बाईंच्या सगळ्या वह्या आरशासारख्या लख्ख. फक्त सहा वर्षांपूर्वीच्या एका वहीत सलग चौपन्न पानं कोरी. रेघ नाही, सही नाही. आमचं म्हणणं, कृती त्याच दिवसांत सापडली आणि बाईंनी ती वहीत येऊ दिली नाही. त्यांच्या शपथपत्रात यावर एकच ओळ आहे, एकतिसावा परिच्छेद: 'वैयक्तिक कारणांमुळे या काळात नोंदी नाहीत.'

इतकी लंगडी ओळ मी वर्षभरात वाचली नाही. ज्युनिअर तर टाळीच वाजवायची बाकी होती. ऑफिसात बाईंचं नाव आता 'वहीवाल्या बाई' पडलंय.

८ एप्रिल

आज ज्युनिअरनं विचारलं, "सर, तालमीला मी बसू का?"

तालीम ही आमच्या घरची पद्धत. उलटतपासणीच्या आधी ही स्वयंपाकघरात टेबलापलीकडे साक्षीदार होऊन बसायची. शपथपत्र आधी तीनदा वाचायची, हातात पेन्सिल घेऊन, शाळेत पेपर तपासायची तशी. मग मी प्रश्न विचारायचे आणि तिने साक्षीदारासारखं उत्तर द्यायचं. काय काय झाली ती! बँकेचा मॅनेजर, जहाजाचा कप्तान, एकदा तर एक अख्खं संचालक मंडळ. कोंडीत सापडली की खऱ्या साक्षीदारासारखी पाणी मागायची, चष्मा पुसायची, "मला जरा थांबता येईल का" म्हणायची. मी सोडायचो नाही. आणि मला हवं ते उत्तर मिळालं की पेन्सिल खाली ठेवायची आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणायची, "आता खाली बसा."

या धंद्यातली निम्मी विद्या या तीन शब्दांत आहे. उत्तर मिळालं की बसायचं. आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो, तो विचारायचा नाही. 'का' तर कधीच विचारायचा नाही. 'का' विचारला की साक्षीदाराला दार उघडून मिळतं. चौतीस वर्षांत मी कोर्टात एकदाही 'का' विचारलेला नाही.

लिहिणार नव्हतो तिच्याबद्दल. ही पद्धतीची नोंद आहे.

ज्युनिअरला नको म्हटलं. ती चांगली आहे, पण फार लवकर हरते.

९ एप्रिल

दाताच्या डॉक्टरकडे. दाढ बरेच दिवस किडली होती म्हणे, मला कळलं नाही. त्यांनी मशीन चालवलं, चांगलं पाचेक मिनिटं. मग थांबून नर्सला म्हणाले, "अगं, इंजेक्शन दिलं का यांना?" दिलंच नव्हतं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. "दुखलं नाही तुम्हाला?"

नाही म्हटलं. खरंच नव्हतं.

बाहेर पडताना डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं. सांगितलं. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही.

१२ एप्रिल

मुलगी आली होती, सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत. येताना डबे भरून घेऊन आली. फ्रीज उघडून बघितला. फ्रीजमध्ये मोहरीची बाटली आणि माझा चष्म्याचा डबा होता. तो तिथे कसा गेला हे मला सांगता येणार नाही.

मी ओट्याशी उभा राहून खातो हे तिला आवडलं नाही.

"टेबल काय फक्त बघायला आहे का?"

म्हटलं, टेबलावर पसारा आहे.

पसारा म्हणजे एक फाइल, एक पेन्सिल आणि हिचा चष्मा. ती आवरायला गेली तेव्हा मी ओरडलो. "हात लावू नकोस!" इतक्या मोठ्यानं की मलाच दचकायला झालं. फाइल केसची आहे, कागद इकडचे तिकडे झाले तर पंचाईत होते, म्हणून ओरडलो. तिला तसं सांगितलंही.

ती खुर्चीवर बसली. हिच्या नाही, दुसऱ्या. जरा वेळानं म्हणाली, "बाबा, आई झोपेत गेली ना?"

"झोपेतच. काही त्रास झाला नाही."

"मग तिचा चष्मा इथे कसा?"

"रात्री राहिला असेल."

"ती चष्मा उशाशी घेऊन झोपायची."

तिने पुढे विचारलं नाही. डबे धुतले, गाडीची वेळ झाली तशी निघाली. माझीच मुलगी. कुठे थांबायचं ते बरोबर कळतं तिला.

ज्युनिअर्सना मी एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतो. साक्षीदार दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा तेच शब्द त्याच क्रमानं बोलला, तर समजा पढवलेला आहे. हे आत्ता का आठवलं कोण जाणे. वीस तारखेच्या तयारीत आहे डोकं.

१७ एप्रिल

प्रश्न तयार. एकूण बेचाळीस. एकेचाळीस प्रश्न बाईंना एका अरुंद बोळात आणतात आणि बेचाळिसावा बोळाचं तोंड बंद करतो: 'ही चौपन्न पानं तुम्हीच कोरी ठेवलीत, बरोबर?' उत्तर 'होय' येणार, दुसरं येऊच शकत नाही. मग मी खाली बसणार.

कंपनीचे मालक ऑफिसात येऊन गेले. टापटीप माणूस, बोलताना टेबलावर बोटं वाजवतो. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही आहात म्हणजे आम्ही निर्धास्त." मी मान हलवली. पूर्वी असं कुणी म्हटलं की पोटात थोडं गुदगुल्यासारखं व्हायचं, साठी जवळ आली तरी. आता कुणीतरी शेजारच्या खोलीत कुणा दुसऱ्याचं कौतुक करतंय असं वाटलं.

तालीम केली नाही. कुणापुढे करणार? प्रश्न ऑफिसात भिंतीला वाचून दाखवले. भिंतीनं सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली.

२० एप्रिल

पहिला दिवस. पंचवीस प्रश्न झाले.

वहीवाल्या बाई बुटक्या, पांढरे केस बारीक कापलेले, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही हात कठड्यावर ठेवले, ओल्या रंगाला हात लावावा तसे अलगद. आवाज कोरडा. प्रश्नापेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत. अशी साक्षीदार अवघड असते.

न्यायाधीश सगळं स्वतः हातानं लिहून घेतात. "सावकाश, वकीलसाहेब, मला लिहायचंय." त्यांचं पेन चालू असेपर्यंत कोर्टात चिडीचूप असतं. त्या शांततेत साक्षीदार घाबरतात. बाई घाबरल्या नाहीत. त्या पेनाकडे बघत होत्या.

ज्युनिअर म्हणाली, सर, आज तुम्ही यंत्रासारखे होता. कौतुक होतं बहुतेक.

२१ एप्रिल

जे झालं ते क्रमानं लिहितो.

साडेअकराला मी बेचाळिसाव्या प्रश्नावर आलो. "ही चौपन्न पानं तुम्हीच कोरी ठेवलीत, बरोबर?"

बाई म्हणाल्या, "होय."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. केस तिथे संपली होती. मागच्या बाकावर मालकांनी पायावर पाय टाकला, मला आवाज आला.

मी 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात बाईंनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मला जरा थांबता येईल का? बरं वाटत नाहीये."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. कोंडीत सापडलेला साक्षीदार वेळ काढतो. काही वकील अशा वेळी आवाज चढवतात, मीही चढवलेला आहे. पण मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "साहेब, यांना बसू द्या. कुणीतरी पाणी आणा. मी थांबतो. कितीही वेळ थांबतो."

म्हणे मी हे जोरात म्हणालो. ज्युनिअर सांगत होती की मी पिंजऱ्यापर्यंत चालत गेलो होतो आणि माझा हात पुढे होता. मला ते आठवत नाही.

वीस मिनिटांनी कोर्ट पुन्हा बसलं. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, काही राहिलंय?"

राहिलं काहीच नव्हतं. ज्युनिअरनं माझ्यासाठी खुर्ची मागे ओढून ठेवली होती. मी उभाच होतो. वही माझ्या हातात होती. मी कोरी पानं एकेक करून उलटत होतो आणि लोक बघत होते.

मग मी विचारलं, "का?"

ज्युनिअरनं माझा गाऊन मागून ओढला. न्यायाधीशांनी पेन उचललं.

बाई म्हणाल्या, "माझी बहीण गेली. आम्ही दोघीच राहायचो. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर येत होते. कोट घालायचे, वही उघडायचे. तारीख घालायला हात होत नव्हता. संध्याकाळ झाली की पान उलटायचे आणि घरी जायचे. असं चौपन्न दिवस. रेघ मारली असती तर दिवस रद्द केल्यासारखा झाला असता. तो काही रद्द नव्हता ना झालेला. गेला होता."

"त्या दिवसांत एकही प्रयोग केला नाहीत?"

"चूल सुद्धा पेटवली नाही, ना घरी ना तिथे. तुमच्या फाटकावरच्या वहीत माझी येण्याजाण्याची वेळ असेल. प्रयोगशाळेच्या मीटरची नोंद असेल. बघा."

बघायची गरज नव्हती. ती नोंद मीच कोर्टात दाखल केली होती, बाई त्या दिवसांत हजर होत्या हे दाखवायला. चौपन्न दिवस हजर. गॅस शून्य, वीज दिव्यापुरती. आकडे माझ्या फाइलीत होते. मी ते फक्त माझ्या बाजूनं वाचले होते.

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?" हाही माझाच प्रश्न. एकदा दार उघडलं की उघडलं.

"कुणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांत विचारणारे तुम्ही पहिले."

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "वकीलसाहेब, आणखी काही?"

मी खाली बसलो.

२२ एप्रिल

मालक सकाळी साडेनऊलाच आले. बसले नाहीत.

"तुम्ही आमचे वकील की त्यांचे?"

रास्त प्रश्न.

"एवढा अनुभवी माणूस! शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणून लढणारा! आणि जिंकलेली केस ताटात वाढून समोरच्याला दिलीत. कशासाठी?"

म्हटलं, दमलो असेन. काल पाणी कमी प्यायलो होतो. मालक माझ्याकडे बघत राहिले, दाताचे डॉक्टर बघत होते तसेच. पुढच्या तारखेपासून दुसरा वकील येईल. बाहेर जाताना त्यांच्या उजव्या बुटाचा तळ टाचेपाशी सुटलेला दिसला. एरवी हे मी घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं असतं.

माझ्या हातून अशिलाचं नुकसान झालं. हे लिहून ठेवायला हवं, पांघरूण घालायला नको. वकील म्हणून मी चुकलो. लाज वाटायला हवी. वाटेल कदाचित.

ज्युनिअर दार लावून आत आली. "सर, मी असते तर तो प्रश्न विचारला नसता."

"बरोबर," म्हटलं. "तू चांगली वकील होणार."

तरी ती उभीच. "पण बरं झालं विचारलात," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी तिला कागदी रुमाल दिला. मला काही झालं नाही.

२५ एप्रिल

कंपनीनं कारखाना बंद करण्याचा अर्ज मागे घेतला, असं ज्युनिअर फोनवर म्हणाली. नवा वकील शहाणा आहे. बाईंचा कारखाना चालू राहील.

सगळे विचारतात, का विचारलंत? वकिलांच्या बार रूममध्ये तर तो विनोदच झालाय. मी गेलो की कुणीतरी दुसऱ्याला म्हणतं, "का?", आणि खसखस पिकते. हसू दे. मीही हसलो असतो.

खरं सांगायचं तर मला उत्तर हवं होतं. केससाठी नाही. चौपन्न पानं कोरी ठेवून चौपन्नाव्या दिवसानंतर माणूस पंचावन्नाव्या दिवशी काय लिहितो, ते मला बघायचं होतं. घरी येऊन बाईंच्या वहीची माझ्याकडची नक्कल उघडली. पंचावन्नाव्या पानावर तारीख, आणि खाली: 'भांडी धुतली. तराजू तपासला. ठीक आहे.' एवढंच.

२६ एप्रिल, सकाळ

आज टेबलाशी बसलो. माझ्या खुर्चीवर.

फाइल उघडली. आता केस माझी नाही, कागद परत करायचे आहेत, त्यामुळे उघडणं भागच होतं. शपथपत्राची हिची प्रत. समासात सगळीकडे पेन्सिल. 'ही खोटं बोलत नाही.' 'हा आकडा तपासा.' 'इथे तुम्ही फार बोलता.' एकतिसाव्या परिच्छेदापाशी तिने उभी रेघ मारली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हिच्या घरी काहीतरी झालंय. इथे खाली बसा.'

म्हणजे हिला ते एका ओळीत कळलं होतं. मला सांगायचं राहिलं.

रडलो. किती वेळ ते मोजलं नाही. दाढ ठणकायला लागली आहे, तेव्हाची, आता.

मुलीला फोन करणार आहे. तिने चष्म्याचं विचारलं होतं आणि मी तिला पढवलेलं उत्तर दिलं. पण आधी लिहून काढतो, नाहीतर बोलताना पुन्हा तेच शब्द येतील. इथे नाही. त्या पानावर.

१६ जानेवारी

(लिहिलं २६ एप्रिलला.)

शुक्रवार. सकाळचे सात वाजले होते. चहा होऊन गेला होता. आम्ही टेबलाशी तालमीला बसलो. ती वहीवाल्या बाई झाली होती आणि छान झाली होती, एक शब्द जास्त बोलत नव्हती. मी खूश होतो.

एकतिसाव्या परिच्छेदावर आलो. विचारलं, "ही पानं तुम्हीच कोरी ठेवलीत, बरोबर?"

ती म्हणाली, "होय." पण पेन्सिल खाली ठेवली नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला जरा थांबता येईल का? बरं वाटत नाहीये."

मला वाटलं, साक्षीदार वेळ काढतोय. नेहमीसारखं, खऱ्यासारखं. मी आवाज चढवला. "साक्षीदार, थांबायचं नंतर. आधी प्रश्नांची उत्तरं द्या."

ती म्हणाली, "अहो."

साक्षीदार मला कधी अहो म्हणत नाही. तेवढं मला कळायला हवं होतं. मी कागदात बघत होतो. पुढचा प्रश्न मोठा होता, तीन भागांचा. तो मी सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि मग मान वर केली.